गाभ्याचा गंध

कालिदासाच्या मेघदूतातला यक्ष रामगिरीवर एकटा दिवस काढतो आहे. पत्नी दूर हिमालयात, अलकेत. मेघाजवळ निरोप देता देता तो एक गोष्ट सांगून जातो आणि वाचणाऱ्याच्या हातून ती सहज निसटते. उत्तरेकडून वारे येतात. देवदाराच्या कोवळ्या पालवीची मिटलेली टोकं फोडून येतात आणि फुटल्या जागी पाझरणाऱ्या चिकाचा वास अंगावर घेऊन दक्षिणेची वाट धरतात. त्या वाऱ्यांना यक्ष कवेत घेतो. येताना ते तिच्या अंगाला स्पर्शून आले असतील, एवढ्या एका आशेवर.

रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, हे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी नागपुरात राहून साधार मांडलं आणि विदर्भानं ते मनापासून आपलं मानलं. नागपूरहून सुमारे ५० किलोमीटरवरची ही टेकडी. गडावर देवदाराचं एकही झाड नाही, असणंही शक्य नाही. देवदाराला साधारण दीड हजार मीटरच्या वरची उंची लागते, हिवाळ्यातला बर्फ लागतो. आपलं नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला तरी कुणाला नवल वाटत नाही. तरीही आपल्या टेकडीवर बसलेल्या त्या विरही माणसाच्या श्वासात देवदार आहे. विदर्भाचं या झाडाशी जे काही नातं आहे ते असं वासातून जडलेलं आहे. झाड इथं आलं नाही, त्याचा गंध आला. हजारएक किलोमीटर चालून आला आणि तरी विरला नाही, असं कवीला वाटलं. देवदाराच्या तेलाबरोबर काही वर्षं काढल्यावर मला वाटतं, कवीनं नेमका गुण हेरला होता. टिकून राहणं हाच या तेलाचा स्वभाव आहे.

माझी त्याच्याशी ओळख मात्र काव्यातून झाली नाही. मी शहरातल्या एका रोगनिदान प्रयोगशाळेत काम करत होते. सूक्ष्मदर्शकाशेजारी एक लहानशी तपकिरी बाटली कायम असायची. झाकणालाच काचेची बारीक कांडी जोडलेली, आणि लेबलवर लिहिलेलं : सिडरवुड ऑइल. पावसाळा सुरू झाला की भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडून तापाचे रुग्ण येत. बोटाच्या टोकातून घेतलेला रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरायचा, एक जाड स्मीअर, एक पातळ. तो वाळवायचा, जेएसबी नाही तर लीशमनचा रंग चढवायचा, धुवायचा. मग त्या पट्टीवर या तेलाचा एक थेंब ठेवायचा आणि शंभरपटीचं भिंग त्या थेंबात अलगद टेकेपर्यंत खाली आणायचं. भिंग तेलाला टेकलं की थेंब क्षणभर उजळतो. ती खूण दिसली की हात थांबवायचा आणि बारीक स्क्रूनं पुढचं काम करायचं. गुलाबी दिसणाऱ्या तांबड्या पेशींच्या गर्दीत कुठेतरी एक निळी कडी दिसते आणि कडीवर एक लाल ठिपका. तो मलेरियाचा परजीवी. तो दिसला की एका माणसाच्या तापाला नाव मिळतं आणि औषध ठरतं.

मधे तेल कशाला, असा प्रश्न नव्यानं शिकणाऱ्याला हमखास पडतो. उजेडाचा किरण काचेतून हवेत शिरला की वाकतो. पट्टीतून तिरपे निघालेले किरण हवेत आले की बाहेर फाकतात आणि भिंगाच्या इवल्याशा तोंडात शिरतच नाहीत. जेवढे किरण हरवले तेवढा बारकावा हरवला. सिडरवुड तेलाचा अपवर्तनांक सुमारे १.५१५, जवळजवळ काचेएवढा. त्यामुळे काच, तेल आणि पुन्हा काच हा किरणांना एकच रस्ता होतो आणि ते सरळ भिंगात उतरतात. त्या बाटलीतली काचकांडी उजेडाकडे धरून पाहिली की तेलात बुडालेला भाग दिसेनासा व्हायचा. कांडी तिथंच असायची, नजरेला मात्र तिची कड सापडायची नाही. या तेलाचं शास्त्र मला पुस्तकाआधी त्या कांडीनं शिकवलं.

जर्मनीतल्या येना गावी एर्न्स्ट आबे यांनी झाइसच्या कारखान्यासाठी १८७८ साली अशी तेलात बुडवायची भिंगं सिद्ध केली, तेव्हा त्यांना हवे ते गुण सिडरवुड तेलात सापडले. पुढच्या चारच वर्षांत रॉबर्ट कॉख यांनी अशाच भिंगांच्या मदतीनं क्षयाचा जंतू शोधला आणि २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये तो जगापुढे मांडला. आजही २४ मार्च क्षयरोग दिन म्हणून पाळला जातो. जंतुशास्त्राच्या त्या सगळ्या पहिल्या पिढीच्या बोटांना या लाकडाचा वास असला पाहिजे. माझ्याही बोटांना असायचा. नव्यानं तासलेल्या पेन्सिलीचा कोरडा, गोडसर वास. संध्याकाळी साबणानं हात धुतले, बसनं घरी आले, पोळ्या लाटायला बसले तरी अंगठ्याच्या बाजूला तो असायचाच.

काम संपल्यावर भिंगावरचं तेल झायलीननं हलकेच पुसायचं, ही शिस्त कडक होती. विसरलं तर तेल हळूहळू घट्ट होतं, पिवळं पडतं आणि भिंगाला चिकटून बसतं. या खोडीमुळेच विसाव्या शतकात अनेक ठिकाणी त्याची जागा कृत्रिम तेलांनी घेतली. पण खोड आणि गुण एकाच मुळातून आलेले आहेत. जे चटकन उडून जात नाही, ते साफ न केल्यास तिथंच राहणार.

त्या बाटलीतलं तेल देवदाराचं नव्हतं, हे मला पुढे कळलं. सिडरवुड या एका नावाखाली बाजारात निरनिराळ्या झाडांची तेलं येतात. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचा ‘लाल सिडर’ हा खरं तर ज्युनिपरच्या कुळातला. पेन्सिली त्याच्याच लाकडाच्या बनत, म्हणून तो वास आपल्याला शाळेची आठवण करून देतो. टेक्सासचं तेलही ज्युनिपरचंच. चीनमधून येणारं बरंचसं तेल सायप्रसच्या कुळातल्या झाडाचं. सीड्रस कुळातले सच्चे सिडर वेगळे : मोरोक्को-अल्जीरियाच्या डोंगरातला अ‍ॅटलस सिडर, लेबनॉनचा सिडर आणि आपला हिमालयातला देवदार. लाकडी खोक्यांना आपण सर्रास ‘देवदारी खोकं’ म्हणत आलो, पण त्यातलं बरंचसं लाकूड चिडाचं किंवा त्याच्या भाईबंदांचं. खऱ्या देवदाराचा वास त्या खोक्यांना नसतो.

तो वास मला भेटला नागपूरच्या इतवारी बाजारात. किराणा ओळीच्या गर्दीतून आत गेलं की काष्ठौषधींची जुनी दुकानं लागतात. पोत्यांची तोंडं गुंडाळून खाली केलेली, आत नागरमोथा, वावडिंग, बेहडा, अनंतमूळ. अशाच एका दुकानात म्हाताऱ्या दुकानदारानं खालच्या फळीवरून देवदाराचा ढलपा काढला. पिवळट तपकिरी, हाताला किंचित तेलकट. त्यानं अडकित्त्यानं त्याची कड छाटली आणि ताजा कपचा माझ्या तळव्यावर ठेवला. मग मागच्या कपाटातून तेलाची बाटली काढली, मधासारख्या रंगाची, दाट. मी बूच उघडून नाकाशी नेलं.

“असं नाकापाशी नेऊन नाही समजत हे, ताई,” तो म्हणाला. “मनगटाले एक थेंब लावा अन् घरी जा. संध्याकाळी सांगजा.”

“खोबरेलात मिसळून लावू ना, काका?”

“हो ना जी. नुसतं कायले लावता? जड तेल होय हे. उडनारं नाही, बसनारं.”

पहिला वास तर मला आवडलाही नव्हता. थोडा धुरकट, थोडा कापराच्या जातीचा, आणि खाली काहीतरी रानटी, गोठ्याजवळून गेल्यावर येतो तसला. तासाभरानं रानटीपणा ओसरला. दुपारी लाकूड उरलं, स्वच्छ, कोरडं, उन्हात वाळलेलं. संध्याकाळी मनगट नाकाशी नेलं तर एक मंद गोडवा होता, जो सकाळी कुठेच नव्हता. एकाच तेलाच्या अंगात इतके पदर असतात आणि ते घाई करणाऱ्याला दिसत नाहीत. त्या म्हाताऱ्यानं मला वास घ्यायला शिकवलं असं मी मानते.

या जडपणाचं रसायन उलगडायचं काम आपल्या महाराष्ट्रात झालं आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे पाषाणच्या एनसीएलमध्ये, डॉ. सुखदेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देवदाराच्या तेलाचा कसून अभ्यास केला. या तेलातले मुख्य घटक, हिमाचलीन आणि हिमाचलॉल, यांची रचना सांगणारे त्यांचे शोधनिबंध १९६८ साली प्रसिद्ध झाले. कार्बनचे १५ अणू, सहा अणूंचं एक कडं आणि त्याला जोडून सात अणूंचं दुसरं. संत्र्याच्या सालीत जे लिमोनीन असतं त्यात कार्बनचे अणू १० असतात. या पाचांचा फरक नाकाला लगेच कळतो. नागपुरी संत्रं सोलताना सालीतून जो फवारा उडतो तो खोलीभर पसरतो आणि बघता बघता नाहीसा होतो. देवदाराचा रेणू मोठा आणि जड, त्याला हवेत उठायलाच वेळ लागतो.

अशा जड गंधाची ओळख नागपूरकराला वाळ्यामुळे आहे. एप्रिल लागला की कूलर बाहेर निघतात, ताट्या बदलल्या जातात, आणि वाळ्यावर पाणी पडलं की घरभर जो वास भरतो त्यातही असेच १५ कार्बनी रेणू असतात. वाळा पाण्यानं जागा होतो, ओल्या मातीकडे ओढ असलेला तो वास. देवदार कोरडा. वाळ्यानं उन्हाळा सोसवतो, देवदार हिवाळ्याचा सोबती. दोघांनाही मुळांचा आणि गाभ्याचा संयम आहे.

तेल काढण्याच्या कामातही हाच संयम लागतो. आपल्या विदर्भाला ऊर्ध्वपातन नवं नाही. मेळघाटाच्या, बैतूलच्या रानात रोशा गवत, म्हणजे तिखाडी, कापून रानातच भट्ट्या लावून तिचं तेल काढत आणि ते मुंबईमार्गे परदेशी जाई. गवताचं तेल काही तासांत उतरतं. देवदाराचं लाकूड आधी चिरावं लागतं, त्याचे बारीक कपचे किंवा भुसा करावा लागतो, आणि मग त्यातून वाफ सोडत कितीतरी जास्त वेळ भट्टी चालू ठेवावी लागते. हलकं तेल आधी येतं, जड तेल मागून, आणि खरा गंध त्या मागून येणाऱ्या तेलात. भट्टी लवकर विझवली तर तेल मिळतं, पण त्याला बैठक नसते. हिमाचलात जुन्या रीतीनं लाकूड बंद भांड्यात तापवून काळपट, डांबरासारखं तेल काढत, ‘केलों का तेल’. गुरांच्या खुरांना, खरजेला ते लावत, आणि नदी पार करायला ज्या फुगवलेल्या कातड्याच्या मशका वापरत त्यांनाही चोपडत, म्हणजे पाणी आत शिरत नसे.

तेलाचं शास्त्रही नागपुरात जुनं आहे. अमरावती रोडवरची लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था, आपली एलआयटी, १९४२ साली सुरू झाली. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्रानं नागपूर विद्यापीठाला दिलेल्या सुमारे ३५ लाख रुपयांतून ती उभी राहिली, आणि तेल तंत्रज्ञान हा तिथला जुना विषय. ज्या शहरात तेलाचं शास्त्र इतकी वर्षं शिकवलं जातं, तिथल्या घराघरांत एक साधी परीक्षा माहीत असायला हरकत नाही. कागदावर थेंब टाकायचा. तिळाच्या, खोबऱ्याच्या तेलाचा डाग कायम राहतो, ती स्थिर तेलं. संत्र्याच्या तेलाचा डाग लगेच जातो, ते उडणारं. देवदाराचा डाग जातो, पण सावकाश, एकदोन दिवस रेंगाळून. बाटलीत कुणी सस्ता तेलकट माल मिसळला असेल तर वास गेल्यावरही कागद चिकट राहतो.

अत्तरवाले देवदाराला मान देतात तो याच रेंगाळण्यासाठी. मी दोन टीपकागदांवर संत्र्याची साल पिळली आणि त्यातल्या एकावर देवदाराचा थेंब टाकला. पहिल्या कागदावरचं संत्रं चहा होईपर्यंत निघून गेलं. दुसऱ्यावरचं जरा जास्त थांबलं, आणि गेलं तेव्हाही कागद रिकामा झाला नाही. निघायच्या घाईत असलेल्या पाहुण्याला घरातली आजी हात धरून खाली बसवते, तसं हे तेल हलक्या गंधांना धरून ठेवतं. साबणात, उदबत्तीत, अत्तरात त्याचं नाव बहुधा पुढे नसतं. पुढे गुलाब असतो, मोगरा असतो. त्यांना टिकवण्याचं काम तळाशी बसून देवदार करत असतो.

आता उपयोगाचं. या तेलाबद्दल फार मोठमोठं बोललं जातं, आणि ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्याविषयी खरं तेवढंच बोलावं असं मला वाटतं. केसांसाठी ते चांगलं, असं म्हणतात. त्यामागे एक नीट केलेला अभ्यास आहे. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनच्या डॉक्टरांनी चाई पडलेल्या ८६ रुग्णांवर केलेला हा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. थाइम, रोझमेरी, लव्हेंडर आणि अ‍ॅटलस सिडर ही चार तेलं जोजोबा आणि द्राक्षबियांच्या तेलात मिसळून रोज डोक्याला मालिश, सात महिने. औषधी तेलं मिळालेल्या ४३ जणांपैकी १९ जणांना फायदा दिसला. नुसतं साधं तेल मिळालेल्या ४१ जणांपैकी ६ जणांना. ही आशादायक गोष्ट आहे. पण तेलं चार होती, आजार चाईचा होता आणि मुदत सात महिन्यांची होती. टक्कल पडू लागलेल्या माणसाला एका बाटलीवर महिनाभरात केस येतील असं सांगणं म्हणजे त्या अभ्यासाचा आणि त्या माणसाचा, दोघांचाही अपमान आहे.

मन शांत होतं, झोप लागते, असंही सांगतात. सेड्रॉल नावाचा घटक हुंगल्यावर निरोगी माणसांच्या हृदयाचे ठोके आणि रक्तदाब किंचित उतरल्याची नोंद २००३ सालच्या एका अभ्यासात आहे. सेड्रॉल मुख्यतः व्हर्जिनिया आणि टेक्सासच्या तेलात असतं. देवदाराच्या तेलात राज्य हिमाचलीनांचं. एका झाडाचं प्रमाणपत्र दुसऱ्याच्या बाटलीला चिकटवता येत नाही. देवदारालाही स्वतःची मिळकत आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत हिमाचलॉल तपासलं गेलं, तेव्हा प्राण्यांच्या आतड्यांचे आवळलेले स्नायू त्यानं सैल केल्याचं दिसलं. ते निष्कर्ष १९७५ साली प्रसिद्ध झाले. मलाही रात्री उशाशी या तेलाचा थेंब असला की बरं वाटतं. त्याचं श्रेय मी रेणूंना देत नाही. इतक्या सावकाश येणाऱ्या वासाची वाट पाहताना माझा श्वासच सावकाश होतो, एवढं मात्र मी अनुभवानं सांगू शकते.

किड्यांच्या बाबतीत देवदाराचा दावा अधिक पक्का. १९८८ साली भारतीय संशोधकांनी दाखवलं की देवदाराच्या तेलातलं हिमाचलॉल आणि बीटा-हिमाचलीन कडधान्याच्या भुंगेऱ्याला आणि घरमाशीला मारक ठरतात. तुरीच्या आणि हरभऱ्याच्या मुलखात राहणाऱ्याला भुंगेरा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात पोतं उघडलं की दाण्यादाण्याला भोक. म्हणून कुणी खायच्या तुरीत हे तेल घालू नये, ते खाण्याचं नाहीच. पण गरम कपड्यांच्या पेटीत ते शोभतं. नागपूरची थंडी थोडीच, पण जानेवारीत पहाटे हाडात शिरणारी. स्वेटर आणि शाली नऊ महिने पेटीत पडून राहतात, आणि कसरीला तेवढा वेळ पुष्कळ. धुऊन, कडक ऊन दाखवून घडी घातलेल्या कपड्यांत देवदाराचा कपचा किंवा तेलाचे दोन थेंब पाजलेली कापडाची पुरचुंडी ठेवावी. थेंब थेट लोकरीवर टाकू नये, डाग पडतो. वास मंदावला की पुन्हा थेंब द्यावा. वासाबरोबर त्याचं बळही उतरतं.

अंगाला लावायचं तर पातळ करूनच. ३० मिलिलिटर तिळाच्या किंवा खोबऱ्याच्या तेलात दहा-बारा थेंब, म्हणजे सुमारे दोन टक्के. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस पाहावं. पोटात घेऊ नये. गरोदर बाईनं आणि तान्ह्या मुलासाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. आयुर्वेदात देवदार बाळंतिणीला देतात हे खरं. चरकानं स्तन्यशोधन करणाऱ्या दहा औषधींत त्याला बसवलं आहे, आणि देवदार्वादि काढा सूतिकेसाठी प्रसिद्धच आहे. पण काढा म्हणजे इतर औषधींबरोबर पाण्यात उकळलेलं लाकूड. वाफेनं खेचून काढलेलं तेल त्याहून कितीतरी तीव्र. आजीच्या काढ्याचा भरवसा तेलाच्या बाटलीवर टाकता येत नाही.

हे सगळे गुण झाडाच्या एकाच जागी साठतात, आणि ती जागा मला विलक्षण वाटते. आपण सागवानाच्या मुलखातली माणसं. आलापल्ली-बल्लारशाच्या सागाचा ओंडका चिरताना पाहिलेल्या कुणालाही ठाऊक असतं की बाहेरचं पांढरं लाकूड कच्चं आणि आतलं गडद लाकूड पक्कं. देवदाराचंही तसंच. बाहेरच्या पांढऱ्या थरातून पाणी वर चढतं, तो जिवंत भाग. आणि त्यालाच वाळवी, बुरशी लवकर लागते. गाभ्यातल्या पेशी केव्हाच मेलेल्या असतात. मरण्याआधी त्यांच्या शेजारच्या जिवंत पेशी तेल आणि राळ तयार करून त्या भागात भरून ठेवतात. वाहतुकीचं काम संपलेल्या त्या लाकडावर मग राखणीचं काम येतं. शेकडो वर्षं वाऱ्यावादळात झाड उभं राहतं ते या मेलेल्या, सुगंधी गाभ्याच्या आधारावर. रघुवंशात शंकर-पार्वतीनं देवदाराला लेकरू मानलं आहे. रानहत्तीनं गंडस्थळ घासून त्याची साल सोलली तेव्हा पार्वतीला पोटच्या मुलाला जखम झाल्याचं दुःख झालं, आणि शंकरानं राखणीला सिंह बसवला, असं कालिदास सांगतो. हे दुःख मला अगदी यथार्थ वाटतं. असं झाड घडायला जो वेळ लागतो तो एका माणसाच्या आवाक्यातला नाही.

देहरादूनच्या वन संशोधन संस्थेच्या संग्रहालयात देवदाराच्या खोडाचा एक आडवा काप ठेवलेला आहे. त्या झाडाचं वय ७०४ वर्षं. मी त्याच्यासमोर उभी राहून वलयं निरखली. कडेजवळची वलयं इतकी दाट की नखाच्या रुंदीत कितीतरी वर्षं मावलेली. एखादं वलय रुंद, म्हणजे त्या साली पाऊस-बर्फ चांगला. मधेच बारीक वलयांचा पट्टा, म्हणजे ओढीची वर्षं. चांगल्या आणि वाईट, दोन्ही वर्षांतून झाडानं थोडं थोडं आत ठेवलं होतं. इतवारीच्या दुकानातली ती मधाळ बाटली असल्या साठवणीतून भरलेली असते, हे तिथं उभं राहिल्यावर मला स्वच्छ कळलं.

म्हणून हे तेल घेताना थोडी विचारपूस करावी, असं माझं सांगणं आहे. लेबलवर नुसतं सिडरवुड न पाहता झाडाचं शास्त्रीय नाव पाहावं : देवदार असेल तर सीड्रस देवदारा, व्हर्जिनियाचं असेल तर ज्युनिपेरस व्हर्जिनियाना. कशापासून काढलं हे विचारावं. लाकूडकामातला भुसा आणि कपचे, तोडल्या जागी उरलेले बुंधे आणि मुळं यांतून उत्तम तेल निघतं. त्यासाठी उभं झाड पाडायची गरज नसते. ग्राहकानं विचारलं तर दुकानदार पुढच्याला विचारतो, आणि असे प्रश्न डोंगरापर्यंत पोचतात. बाटली लहान घ्यावी, थेंब मोजून वापरावे. जिथं ते खरंच कामाचं आहे तिथं, म्हणजे लोकरीच्या पेटीत, पातळ करून डोक्याच्या मालिशला, आणि शांत बसायचं ठरवलेल्या एखाद्या संध्याकाळी, ते मन लावून वापरावं. हे तेल चमत्कार करत नाही. ते धरून ठेवतं : भिंगाखाली उजेडाला, अत्तरात उडून जाणाऱ्या गंधाला, रानात उभ्या झाडाला. एवढ्या मोठ्या कामाचं मोल ओळखायला आपल्याजवळ फक्त वेळ हवा, आणि ज्या झाडानं आपल्यासाठी शतकं खर्ची घातली, त्याच्यासाठी एवढा वेळ आपण काढलाच पाहिजे.